फुंकायचं नाही

११ मार्च १९५६, रविवार

बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. खोकायचं तर जपून. आणि फुंकायचं तर नावच काढायचं नाही. सहा आठवडे!

काल हॉस्पिटलातून घरी आलो. गळ्याला पांढरी पट्टी, पाद्र्याच्या कॉलरसारखी. आत शेंगदाण्याएवढी गाठ होती. काढली. साधी निघाली, वाईटातली नाही. ऑर्लीननं दोन वस्तू आणून ठेवल्यात — एक पाटी, तिच्याशी आणि जगाशी बोलायला, आणि ही वही. म्हणाली, पाटीवर मावणार नाही ते इथं लिही, मी वाचणार नाही. वाचायची नाहीच ती. तरी वही अँप्लिफायरच्या खोक्यात मागच्या फळीआड ठेवणार आहे. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं असं लिहितोय.

दुपारी क्लीव्हन आला. एकोणीस वर्षं माझ्या डाव्या हाताला गिटार घेऊन उभा राहिलेला माणूस, आज पलंगाशी टोपी हातात धरून उभा. मी पाटीवर लिहिलं — शनिवारी कोण वाजवणार? तो म्हणाला, "कोणी नाही. तुझी जागा तुझीच. मी गिटारवर दोन सूर जास्त वाजवीन, लोक चालवून घेतील."

डोळे भरून आले. घसा दुखतो म्हणून हुंदकाही देता येईना.

१३ मार्च

सूप. पुन्हा सूप.

१८ मार्च, रविवार

मुका माणूस म्हणजे घरातली खुर्ची. लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. शेजारीण येऊन तासभर नवऱ्याची गाऱ्हाणी सांगून गेली. मी मान हलवतो. एवढा शहाणा मला आजवर कोणी समजलं नव्हतं.

क्लीव्हन तळलेला मासा घेऊन आला. मला गिळता येत नाही हे विसरला आणि मग स्वतःच बसून खाल्ला. जुन्या गोष्टी काढल्या. सदतीस साली आर्कान्सातल्या त्या मासेमेजवानीत आम्ही भेटलो तेव्हा त्याच्या गिटारला चारच तारा होत्या आणि माझ्या बाज्याची, म्हणजे माउथऑर्गनची, तीन भोकं मेलेली. तरी लोक पहाटेपर्यंत नाचले! मग पिठाच्या कंपनीचा रेडिओ कार्यक्रम, रोज दुपारी पंधरा मिनिटं. मग एक्केचाळीसला शिकागो. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रविवारी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांशेजारी उभं राहून वाजवायचो, मागच्या दुकानदाराच्या खिडकीतून वीज घेऊन. पोलिसांच्या वायरलेसवरचा जुना मायक्रोफोन दोन्ही तळव्यांत बाज्यासकट दाबून धरला की असला काही आवाज निघायचा — लोकांना वाटायचं मालगाडी आली.

हे सगळं क्लीव्हन बोलत होता. मी पाटीवर नुसती एक आडवी रेघ मारली, हो म्हणायला. ती पुरे झाली आम्हाला.

जाताना म्हणाला, रेकॉर्ड कंपनीनं रेकॉर्डिंगची तारीख मेपर्यंत पुढे ढकललीय. 'चाळीस मैल पाणी' त्यांना हवंच आहे. "तू बरा हो, मग बघू."

'चाळीस मैल पाणी' — माझी धून. हिवाळाभर इथं स्वयंपाकघरात बसून जमवली. अजून क्लबाबाहेर कुणी ऐकलेली नाही.

१ एप्रिल, ईस्टर

ऑर्लीननं हॅम केलं, रताळी, मक्याची पोळी. मला सगळं कुस्करून. निळी टोपी घालून चर्चच्या गायनातून आली ती सरळ ओट्याशी. जेवताना मधेच थांबली. म्हणाली, "अकरा वर्षांत पहिल्यांदा ईस्टरला या खुर्चीत तू आहेस."

मोजून ठेवलं होतं म्हणजे! मी विचार केला — खरंच. मेम्फिस, ह्यूस्टन, अटलांटा. ईस्टरला गर्दी असते. एकोणपन्नास साली आमचं बाळ नऊ दिवस जगलं तेव्हाही मी जॉर्जियात होतो. तार मिळाली, पण पुढच्या गावचे दोन कार्यक्रम कबूल केलेले. पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. तिनं त्यावरून मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. अशी बायको.

पाटीवर लिहिलं — पुढच्या ईस्टरलाही. ती हसली आणि ओल्या फडक्यानं ते पुसलं. पाटी स्वच्छ हवी, म्हणाली.

९ एप्रिल

सिगारच्या डब्यातले बाजे काढून बघितले. सात. लागेल त्या पट्टीचा एक आणि ए-चे दोन, कारण ए-चा आधी मरतो. फुंकलं नाही. नुसता ओठांना लावला. पितळेचा वास आला.

ऑर्लीन दारात उभी होती. किती वेळ कोण जाणे.

१९ एप्रिल, गुरुवार

तपासणी. डॉक्टरांनी आरसा घशात घालून बघितलं, "अं-हं" म्हणाले आणि नर्सकडे काहीतरी लिहायला दिलं. मी आत शर्टाची बटणं लावत होतो तेवढ्यात ते बाहेर बोळात ऑर्लीनशी बोलत उभे. बाहेर आलो तर ते पुढच्या पेशंटकडे गेलेले.

बसमध्ये तिनं सांगितलं. हळू आवाजात बोलायला हरकत नाही. फुंकायचं मात्र अजून तीन महिने नाही.

तीन महिने! मे गेला. रेकॉर्डिंग गेलं. मी पहिले शब्द काय बोललो आयुष्यातल्या या दुसऱ्या खेपेचे? "त्यांनी नक्की असंच सांगितलं?" खरवडल्यासारखा आवाज. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, हो.

क्लीव्हन थांबेल. एकोणीस वर्षं थांबलोय एकमेकांसाठी, तीन महिन्यांचं काय.

६ मे, रविवार

क्लीव्हन आला नाही. गेल्या रविवारीही नाही. त्याच्या आधीच्याही नाही.

१२ मे, शनिवार

अक्षर लागणार नाही, न लागू दे.

सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. तोंडाला फेस. रेडिओवर तो नेहमीचा बडबड्या. म्हणाला, "ताजी, आजच आलेली — क्लीव्हन गॅथ्राइट आणि मंडळी, 'चाळीस मैल पाणी'!"

आधी गिटार. मग बाजा.

क्षणभर मला वाटलं मीच. देवाशप्पथ वाटलं, की मी कधीतरी जाऊन वाजवून आलो आणि विसरलो. माझीच पहिली ओळ. माझीच दुसरी. दोन नंबरच्या भोकातला सूर ओढून खाली वाकवायचा आणि तिथंच लटकत ठेवायचा, तो माझा. मग तिसऱ्या ओळीच्या आधी त्यानं श्वास घेतला. मी तिथं श्वास घेत नाही. तिथं श्वास घेतला की धून मरते.

न्हाव्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "एल्झी, तू बरा झालास आणि सांगितलंही नाहीस?" त्याला वाटलं मीच! दुकानातले चारजण टाळ्या वाजवायला लागले. मी अर्ध्या दाढीनं उठून बाहेर आलो.

१३ मे, रविवार

झोप नाही.

ती धून कुठून आली ते लिहून ठेवतो. निदान या वहीत तरी माझ्या नावावर राहील.

सत्तावीस सालचा पूर. मी तेरा वर्षांचा. आम्ही सगळे बांधावर, तंबूत, पलीकडे नजर पोचेल तिथवर पाणी. मधे एका उंचवट्यावर कुणाची तरी गुरं अडकलेली. तीन दिवस हंबरत होती. रोज कमी आवाज. चौथ्या दिवशी एकच गाय उरली होती, तिचा आवाज सुरू व्हायचा तो संपायचाच नाही, बारीक होत होत पाण्यावरून यायचा. बापाचा बाजा माझ्या खिशात होता. मी तो आवाज काढायचा प्रयत्न करत बसलो. जमला नाही. एकोणतीस वर्षं जमला नाही. या जानेवारीत जमला. ती तिसरी ओळ. तिच्याआधी श्वास घ्यायचा नाही, कारण ती गाय घेत नव्हती.

आणि तो कोण कुठला तिथं श्वास घेतो!

सकाळी उठून क्लीव्हनच्या घरी गेलो. दारात गाडी धूत होता. मला ओरडता येत नाही, पुरतं बोलताही येत नाही, म्हणून अगदी जवळ गेलो आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोललो. जे येईल ते. चोर म्हणालो. माझ्या गळ्यावर सुरी फिरली त्याचीच वाट बघत होतास म्हणालो. माझी जागा माझीच ना? मग कुणाला उभं केलंस तिथं? त्याच्या आईवरूनही बोललो, जिनं मला दोन वर्षं जेवू घातलं.

तो फडकं हातात धरून ऐकत होता. पाणी त्याच्या बुटांवर गळत होतं. एकदाही उलटून बोलला नाही. डोळे लाल. शेवटी एवढंच म्हणाला, "घरी जा, एल्झी. उन्हात उभा राहू नकोस."

चोराला रडू येतं ते पकडला गेला म्हणून.

१४ मे

ऑर्लीनला सांगितलं. शिवणाच्या मशीनवर चर्चच्या गायकांचे झगे घेऊन बसली होती. मशीन थांबवलं नाही. "जाऊ दे," म्हणाली. "एक धून गेली. माणूस राहिला."

सगळे माझ्या जिवावर उठलेत, ही एकटीच माझी.

१७ मे

न्हाव्याकडे दुसऱ्या बाजूची दाढी करून आलो. वाटेत तीन ठिकाणी ती रेकॉर्ड ऐकू आली. एका बाईनं खिडकीतून हात केला — "मिस्टर प्रुइट, काय वाजवलंय!"

हसलो. दुसरं काय करणार.

२० मे, रविवार

ऑर्लीन चर्चला गेलेली. अकराच्या सुमारास दार वाजलं. तिशीतला माणूस, लांब हात, रविवारचा कोट, हातात केकचा डबा. "मिस्टर प्रुइट, मी वेंडल थिग्पेन. ती धून मी वाजवली. तुमचे आभार मानायला आलो."

आभार! मी दार लावणारच होतो. तो घाईघाईनं म्हणाला, त्याला आधीच यायचं होतं, पण तुमच्या बाईंनी सांगितलं तुम्हाला त्रास देऊ नये. तुमचं पत्र मात्र रोज जवळ ठेवतो.

कुठलं पत्र?

त्यानं आतल्या खिशातून काढलं. घडीवर घडी, मऊ पडलेलं. 'प्रिय वेंडल, माझं आता वय झालं आणि घसाही गेला. चाळीस मैल पाणी तू वाजव. क्लीव्हनबरोबर तू उभा राहिलास तर मला समाधान वाटेल. माझ्या बायकोला ती पाठ आहे, ती तुला गुणगुणून दाखवेल. तुझा, एल्झी प्रुइट.'

सही माझ्यासारखी. अक्षर ऑर्लीनचं. ते जी अक्षराचं शेपूट ती कशी ओढते ते मी किराण्याच्या याद्यांवर अकरा वर्षं बघतोय.

मी खुर्चीत बसलो. त्याला वाटलं मला बरं नाही, पाणी आणून दिलं. बिचारा सांगत सुटला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार दुपारी, चर्चच्या तळघरात, झगे शिवायला बसायची तिथं. बाई डोळे मिटून गुणगुणायच्या आणि तो वाजवून बघायचा. "त्यांच्या कानाला दाद द्यायला हवी. एक सूर चुकला तरी थांबवायच्या." पण तिसरी ओळ काही जमली नाही, असं त्याला स्वतःलाच वाटतं. रेकॉर्ड ऐकतो तेव्हा तिथं लाज वाटते. ते विचारायला आला होता.

मी म्हणालो, वाजव.

त्यानं ओल्या ओठांनी बाजा घेतला आणि वाजवला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीसमोर. चांगला वाजवतो. मला तो वाईट वाजवायला हवा होता आणि तो चांगला वाजवतो. तिसऱ्या ओळीपाशी आला आणि छाती भरून घ्यायला लागला तशी मी टेबलावर हात आपटला. "इथं नाही. दुसऱ्या ओळीच्या मधेच चोरून घे, नाकानं, कुणाला कळता कामा नये. मग पुढे मरेपर्यंत घ्यायचा नाही."

पाचव्या खेपेला जमलं. अंगावर काटा आला. दोघांच्याही.

जाताना त्यानं पत्र परत मागितलं. दिलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पत्र टेबलावर ठेवून बसलो होतो. ऑर्लीन आली, टोपीची पिन काढता काढता तिनं ते पाहिलं. पिन पुन्हा टोपीत खोचली, जणू लगेच बाहेर जायचंय. मग बसली.

मी विचारलं, "का?"

म्हणाली, डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, बोळात. तीन महिने नाही, कधीच नाही. आतली शिवण नाजूक आहे, जोर पडला की उसवेल आणि रक्त थांबणार नाही. "तुला सांगितलं असतं तर तू उठून त्याच दिवशी फुंकलं असतंस. खोटं बोलते का मी?"

नाही. फुंकलं असतं.

क्लीव्हनला तिनंच सांगितलं होतं. शपथ घालून, की एल्झीला कळू द्यायचं नाही. तो गाडीत बसून अर्धा तास रडला म्हणे. वेंडलला शोधलं क्लीव्हननं, पण धून त्याला द्यायची ही तिची कल्पना. "तुझ्याबरोबर ती मरायला नको होती. आणि मला तू जिवंत हवा होतास."

तिचं सगळं बरोबर असेल. पण मी घरात बसून पेपर वाचत होतो आणि यांनी माझी वाटणी करून टाकली! जागा एकाला, धून दुसऱ्याला. मला विचारलं नाही. निदान मेलेल्या माणसाला तरी एकदा शवपेटीपाशी जाऊन बघतात.

मी तिच्याशी बोललो नाही. सवय झालीय म्हणा.

२५ मे

काही नाही.

२९ मे

क्लीव्हन आला. त्या दिवशी त्याच्या आईवरून बोललो त्याची माफी मागितली. तो म्हणाला, आईनं याहून वाईट ऐकलंय, तेही तुझ्याच तोंडून. मग दोघंही बसलो. तो निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, डॉक्टरांनी तुलाही सांगितलं का? नाही म्हणाला, ऑर्लीननंच.

३ जून, रविवार

सातही बाजे वेंडलकडे पोचवले. डब्यासकट. घ्यायला तयार नव्हता. मी म्हणालो, घरात राहिले तर एक दिवस मी फुंकेन आणि मरेन, मग माझ्या बायकोला तोंड कसं दाखवशील? तेव्हा घेतले. दोन्ही हातांनी, वाकून, प्रार्थनेतल्या भाकरीसारखे.

परतताना पाय जड नव्हते. उलट हलकेच होते आणि तेच वाईट वाटत होतं.

१० जून, रविवार

ऑर्लीनबरोबर चर्चला गेलो. कित्येक वर्षांनी. ती गायनाच्या रांगेतून सारखी माझ्याकडे बघत होती, मी उठून तर गेलो नाही ना. जेवण बाहेर, मोकळ्या जागेत, सगळ्यांबरोबर. तिनं माझं ताट वाढून आणलं. शेजारणींना सांगत होती, आता हे घरीच असतात. तिचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीही इतका फुललेला पाहिला नव्हता.

राग अजून आहे. पण तिच्या हातचं ताट आहे, उन्हाळा आहे, ती जिवंत माणसासाठी खोटं बोलली. तिच्याशी बोलायला लागलोय. थोडं थोडं.

२१ जून, गुरुवार

हॉस्पिटलचं तपासणीचं कार्ड आलं होतं, आजच्या तारखेचं. ऑर्लीन म्हणाली आज लग्नाचा झगा पोचवायचाय, तू नको जाऊस, पुढच्या महिन्यात दोघं जाऊ. ती गेल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून ही वही खिशात घालून एकटाच गेलो.

डॉक्टरांनी आरसा घातला. दिव्याखाली डावीकडे, उजवीकडे. खूश झाले. म्हणाले, उत्तम भरलंय, शिवण कुठं होती ते शोधावं लागतंय. मग हात पुसत म्हणाले, "तुमच्या मिसेसना मी एप्रिलमध्ये सांगितलं होतं, मेच्या अखेरीपासून हळूहळू फुंकायला लागा. मग? वाजवताय ना?"

"वाजवतोय," मी म्हणालो.

कुठं ऐकायला यायचं, त्यांनी विचारलं. मी क्लबाचं नाव सांगितलं, वारही सांगितला. त्यांनी कार्डाच्या मागे लिहून घेतलं.

हे बसथांब्यावर बसून लिहितोय. माझी बस दोनदा येऊन गेली.